घरात शिरलेला, काचेवर आपटलेला, अंगावर धावून येणारा पक्षी: सोलापुरात दरवर्षी तेच प्रश्न, त्यावर काय करायचं

फेब्रुवारी सरला आणि ऊन तापायला लागलं की सोलापुरात पक्ष्यांबद्दलच्या तक्रारी सुरू होतात, त्या पार पाऊस स्थिरावेपर्यंत चालतात. जुळे सोलापूरच्या बंगल्यात काचेवर बुलबुल आपटतो, एमआयडीसीतल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये साळुंकी अडकते, विजापूर रोडला कावळा डोक्यावर टपली मारतो आणि दर आठवड्याला कुणीतरी 'गरुडाचं पिल्लू सापडलं' म्हणून फोटो पाठवतं. यातल्या निम्म्याहून जास्त वेळा पक्ष्याला काहीच झालेलं नसतं. बिघाड होतो तो आपण घाईने हात लावल्यावर. त्यामुळे खाली जे दिलंय त्यात 'काय करायचं' इतकंच 'काय करायचं नाही' हेही आहे.

एकच नियम आधी सांगून ठेवतो. रक्त दिसतंय, पंख एका बाजूला लोंबतोय, मांजरीने तोंडात धरला होता किंवा अंगाला दोरा गुंडाळलाय, या चार गोष्टींत लगेच हालचाल करा. मांजरीच्या बाबतीत जखम दिसली नाही तरीही. तिच्या लाळेतल्या जंतूंनी पक्षी दोन-तीन दिवसांत जातो, म्हणून त्याच दिवशी पशुवैद्याकडे. बाकी सगळ्या प्रकारांत पहिली काही मिनिटं लांबून बघण्यात घालवा.

'पिल्लू घरट्यातून पडलंय, आई सोडून गेली'

सर्वात जास्त गैरसमज याच प्रकारात होतात. पिल्लू नीट बघा. अंगावर पिसं पूर्ण आली आहेत, शेपूट आखूड आहे, चोचीच्या कडेला पिवळी झालर आहे आणि ते उड्या मारतंय, तर ते पडलेलं नाही, ते बाहेर निघालेलं आहे. बुलबुलाची पिल्लं साधारण बारा-तेरा दिवसांत घरटं सोडतात आणि तेव्हा त्यांना धड उडताही येत नाही. पुढचे काही दिवस ती झुडपात, कुंपणावर, कधी थेट जमिनीवर असतात आणि आई-बाप तिथेच येऊन भरवतात. अशा पिल्लाला घरात आणणं म्हणजे त्याला पळवून नेणंच झालं. रस्त्यावर किंवा कुत्र्याच्या वाटेत असेल तर उचलून जवळच्याच झुडपात, डोक्याच्या उंचीच्या फांदीवर ठेवा. दहा-पंधरा मीटरपेक्षा लांब नेऊ नका, कारण आई-बाप आवाजाच्या टप्प्यात शोधतात.

माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतात, ही समजूत खोटी आहे. आपण तिथेच उभे राहतो म्हणून ते येत नाहीत, एवढंच. 'तासभर वाट पाहिली, कुणी आलं नाही' असं सांगणारा माणूस बहुतेक वेळा पिल्लापासून दोन मीटरवर खुर्ची टाकून बसलेला असतो. घरात जा, खिडकीतून बघा. लहान पक्षी दिवसा दर पंधरा-वीस मिनिटांनी भरवायला येतात, त्यामुळे तासाभरात चित्र स्पष्ट होतं.

पिल्लू उघडंनागडं असेल किंवा पिसांच्या नुसत्या नळ्या फुटल्या असतील तर ते खरंच पडलंय. घरटं दिसत असेल तर परत ठेवा. घरटंच कोसळलं असेल तर प्लॅस्टिकची छोटी परडी किंवा आइस्क्रीमचा रिकामा डबा घ्या, तळाला चार-पाच भोकं पाडा म्हणजे पाणी साठणार नाही, आत वाळलेलं गवत किंवा नारळाच्या शेंड्या घाला आणि मूळ जागेच्या शक्य तितक्या जवळ, सावलीत, तारेने घट्ट बांधा. डबा पाच-सहा इंचांपेक्षा खोल नको, नाहीतर पिल्लं दिसत नाहीत आणि आई-बाप भांबावतात. कापूस अजिबात नको. त्याचे तंतू पायांच्या बोटांत गुंततात आणि बोटं काळी पडतात.

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा बेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, तेव्हा आणखी एक प्रकार दिसतो. पत्र्याखाली चिमण्या-साळुंक्यांची घरटी असतात. पत्रा तापला की पिल्लं हवेच्या शोधात घरट्याच्या तोंडाशी सरकतात आणि खाली पडतात. परत ठेवली तरी अर्ध्या तासात पुन्हा खाली. इथे पिल्लावर उपाय करून उपयोग नाही, पत्र्यावर करा. घरट्याच्या वरच्या भागात ओलं गोणपाट पसरा आणि अकरा ते चारच्या दरम्यान दोन-तीनदा भिजवा. दोन गोणपाटं एकावर एक टाकली तर ओल जास्त टिकते.

आता खाऊ-पिऊ घालण्याबद्दल. दूध-पोळी, दूध-बिस्किट, भात यांतलं काहीही नको. पक्ष्यांना दूध पचत नाही. चोचीत पाणी ओतणं तर त्याहून वाईट. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, ड्रॉपरचं पाणी सरळ फुफ्फुसात जातं आणि पिल्लू दोन मिनिटांत मान टाकतं. 'पाणी पाजलं तरी वाचलं नाही' अशी तक्रार येते, तेव्हा अनेकदा ते पाजल्यामुळेच गेलेलं असतं. होल्याची आणि पारव्याची पिल्लं तर चोच वर करून उघडतही नाहीत, ती आई-बापाच्या घशात चोच घालून पितात. म्हणून 'हे खातच नाही' असं वाटून लोक जबरदस्तीने चोच फाकवतात. करू नका.

कावळ्याने कोकिळेच्या पिल्लाला चोच मारली असं वाटलं तर थांबून बघा. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, त्यामुळे घरट्याबाहेर आलेल्या ठिपकेदार किंवा काळसर पिल्लाला कावळा भरवत असतो. ओरडणारं पिल्लू आणि त्याच्या तोंडात चोच खुपसणारा कावळा हे दृश्य लांबून हल्ल्यासारखंच दिसतं. लोक दगड मारून कावळा हाकलतात आणि पिल्लू उपाशी राहतं.

खोलीत किंवा शेडमध्ये शिरलेला पक्षी बाहेरच जात नाही

पंखा आधी बंद करा. फ्यूज काढण्याची गरज नाही, पण पाती पूर्ण थांबेपर्यंत पक्ष्याला उडवू नका.

पक्षी घाबरला की वर जातो. आपल्या खिडक्यांच्या वर फूट-दीड फूट भिंत असते, म्हणून तो छताखाली गरगर फिरतो आणि उघडी खिडकी त्याला दिसतच नाही. झाडू, टॉवेल, फटके यांनी तो आणखी वर राहतो. खोलीचे आतले दरवाजे लावा, एक सोडून सगळ्या खिडक्यांचे पडदे ओढा, दिवे मालवा, ती एक खिडकी जाळीसकट पूर्ण उघडा आणि तुम्ही बाहेर या. एकच उजेडाची जागा उरली की दमून खाली बसलेला पक्षी तिकडे जातो. पंधरा-वीस मिनिटं द्या. रात्री पिंगळा किंवा घुबड शिरलं तर आतले दिवे बंद ठेवून खिडकी उघडी सोडा, पहाटेपर्यंत ते जातंच.

यंत्रमागाच्या शेडमध्ये अडचण वेगळी आहे. छतातल्या पारदर्शक पत्र्यांतून उजेड येतो आणि पक्षी दिवसभर त्यालाच धडकत राहतो. दार उघडं असून उपयोग नाही, कारण दार काळोखात आणि छत उजेडात. पाळी बदलताना माग थांबतात, ती वेळ साधा. आतले दिवे घालवा आणि शक्य असेल तर पारदर्शक पत्र्यांवर बाहेरून ताडपत्री टाका. ताडपत्री जमली नाही तर संध्याकाळची वाट पाहा. बाहेर अजून उजेड आहे आणि छत मंदावलंय अशा वेळी बहुतेक पक्षी दाराने निघून जातात. कायमचा इलाज म्हणजे एक्झॉस्ट पंख्यांच्या आणि झरोक्यांच्या बाहेरच्या बाजूला अर्ध्या इंचाची तारेची जाळी. मोठ्या छिद्रांची जाळी लावली तर चिमणी आत येते आणि तिला बाहेर जायचं भोक सापडत नाही.

काचेवर आपटतो

काचेत आकाश किंवा समोरचा गुलमोहर दिसतो, पक्ष्याला ती मोकळी जागा वाटते. दुसरं कारण, समोरासमोर दोन खिडक्या असतील तर घरातून आरपार रस्ता दिसतो. आपल्याकडे उन्हासाठी काचेला आरशासारखी फिल्म लावायची पद्धत वाढली, त्यानंतर हा त्रास वाढणारच होता, कारण ती फिल्म म्हणजे बाहेरून पक्का आरसा. आत गडद पडदा ओढला तर प्रतिबिंब आणखी ठळक होतं, कमी होत नाही.

काचेवर एखादं काळ्या ससाण्याचं स्टिकर चिकटवून काही होत नाही, पक्षी त्याच्या बाजूने जाऊन आपटतो. खुणा दाट हव्यात आणि त्या काचेच्या बाहेरच्या बाजूला हव्यात. आतून लावल्या तर प्रतिबिंबाखाली झाकल्या जातात. पांढऱ्या रंगाचे ठिपके, प्रत्येक निदान मसुराएवढा, आडवे-उभे पाच-पाच सेंटिमीटरवर. पोस्टर कलर पावसात जातो, पण तोवर हंगाम सरतो. ते दिसायला आवडत नसेल तर खिडकीच्या वरच्या चौकटीला पट्टी ठोकून तिच्यापासून तीन मिलिमीटर जाडीच्या दोऱ्या दहा-दहा सेंटिमीटरवर सोडा, खाली मोकळ्या. वाऱ्याने हलतात, तेही चांगलंच. सर्वात स्वस्त म्हणजे डासांची जाळी, मात्र काचेला चिकटून नको, बाहेर तीन-चार इंच अंतर ठेवून ताणलेली.

उन्हाळ्यात पाण्याची वाटी ठेवता ना, तिची जागाही तपासा. वाटी काचेपासून एक मीटरच्या आत किंवा मग नऊ-दहा मीटरच्या पलीकडे हवी. जवळ असेल तर पक्ष्याला वेग घेता येत नाही. मधल्या अंतरावर घाबरून उडाला की पूर्ण वेगात काचेवर.

आपटून खाली पडलेला पक्षी डोळे अर्धवट मिटून, पिसं फुलवून बसतो. मेला समजून फेकू नका आणि जिवंत आहे म्हणून अंगावर पाणीही शिंपडू नका. बुटाच्या खोक्यात फडकं अंथरा, पेन्सिलीने आठ-दहा भोकं पाडा, पक्षी ठेवा, झाकण लावा, घरातल्या सर्वात शांत आणि थंड कोपऱ्यात ठेवा. कुलरच्या झोतात नको. अन्नपाणी काही नको, दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघणं तर नकोच. अर्ध्या तासाने खोकं बाहेर मोकळ्या जागी नेऊन उघडा. नाही उडाला तर परत बंद, पुन्हा अर्ध्या तासाने. दोन तास झाले तरी उडत नसेल, मान वाकडी राहत असेल, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसत असतील तर पशुवैद्य. खोकं घरात कधीच उघडू नका. तो उडतो आणि पुन्हा काचेवर.

आपटणं वेगळं आणि रोज सकाळी येऊन काचेला ठोकणं वेगळं. दयाळ, चिरक, बुलबुल, शिंजीर, आणि झाडी असेल तिथे राखी धनेशसुद्धा, गाडीच्या आरशात स्वतःलाच बघून दुसरा नर समजून भांडतात. चोच मोडत नाही पण आरसा आणि दार शिटेने भरतं. गाडी उभी केली की आरशांवर जुने पायमोजे चढवा. खिडकीला बाहेरून साबणाची वडी कोरडीच घासा, काच धुरकट झाली की झालं. वीण संपली की पक्षी आपोआप नाद सोडतो, फक्त तोवर रोज घासावं लागेल.

'माळ्यावर साप आहे, रात्रभर फुसफुसतोय'

सर्पमित्राला बोलावण्याआधी कान देऊन ऐका. सापाचा फुत्कार क्षणिक असतो, त्याला डिवचल्यावर येतो. सूर्य मावळल्यावर सुरू होऊन मध्यरात्रीपर्यंत थांबत-थांबत चालणारी, घोरल्यासारखी खरखरीत फुसफुस ही गव्हाणी घुबडाच्या पिल्लांची. ती भूक लागल्याचं सांगत असतात. खात्री करायची तर माळ्याच्या खाली किंवा डक्टच्या तळाशी बघा. काळसर, चकचकीत, अंगठ्याएवढे गोळे पडलेले दिसतील. ती विष्ठा नाही, घुबडाने ओकलेले गोळे आहेत. काडीने फोडले तर आत उंदराचे केस आणि अख्ख्या कवट्या निघतात.

आतली पिल्लं पाहिली की दुसरा गोंधळ होतो. पांढुरकी लव, बदामी आकाराचा चपटा चेहरा, लांब पाय, आणि उभी राहून डुलतात. 'परग्रहावरचा प्राणी'पासून 'दुर्मिळ गरुड'पर्यंत सगळी नावं त्यांना मिळालेली आहेत. अपशकुनाची भीती वेगळीच. घरात घुबड म्हणजे धान्याच्या खोलीला उंदीरमार मिळाला, इतकंच.

पिल्लं अंड्यातून आल्यापासून सुमारे दोन महिने तिथे राहतात. तेवढं सोसायचं. आवाज सहन होत नसेल तर माळ्याच्या दाराला आतल्या बाजूने जाड गोधडी अडकवा, वास येत असेल तर खाली प्लॅस्टिकवर वर्तमानपत्र अंथरून आठवड्याला बदला. पिल्लं असताना भोक बुजवलं तर आई बाहेर, पिल्लं आत, आणि पंधरा दिवसांनी दुर्गंधी. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं आणि घरट्याला धक्का लावणं येतं, हेही सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगून ठेवा. पिल्लं उडून गेली की आठवडाभर संध्याकाळी लक्ष ठेवा, आत कुणी नाही याची खात्री झाली की मग जाळी.

साळुंकी एसीच्या पाइपच्या भोकात आणि पिंगळा भिंतीच्या पोकळीत असतो, त्यांनाही हेच लागू.

कावळा किंवा टिटवी अंगावर येते

कावळा उगाच येत नाही. जवळच्या झाडावर घरटं आहे किंवा खाली पिल्लू आहे. तो नेहमी मागून येतो, त्याच्याकडे तोंड करून चाललं तर शक्यतो टपली मारत नाही. छत्री किंवा हेल्मेट पुरेसं. हातात काळी पिशवी किंवा काळं फडकं लोंबकळत नेऊ नका, मेलेला कावळा धरल्यासारखं दिसतं आणि सगळी टोळी जमा होते. दोन-तीन आठवड्यांत पिल्लू उडतं आणि प्रकरण मिटतं. त्याआधी घरटं पाडलं तर कावळे तिथेच दुसरं बांधतात आणि तुमच्या मागचा त्रास लांबतो.

टिटवीचं तसं नाही. ती मोकळ्या प्लॉटवर, खडीच्या ढिगाऱ्याशेजारी, कधी सपाट गच्चीवरही, जमिनीवरच चार अंडी घालते. मातकट, काळ्या ठिपक्यांची अंडी पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. 'टिटवी वेडी झालीय' म्हणणाऱ्याने आधी पायाखाली बघावं. बांधकाम चालू असेल तर घरट्याभोवती तीन मीटरवर चार काठ्या रोवून सुतळी बांधा आणि मुकादमाला दाखवा. अंडी उबायला साधारण चार आठवडे लागतात, पण पिल्लं निघाली की दिवसाभरात चालायला लागतात आणि आई त्यांना घेऊन जाते. गच्चीवर मात्र पाण्याची ताटली आणि सावलीला एक तिरकी फळी ठेवा. ही पिल्लं धोका दिसला की जमिनीला चिकटून निश्चल पडतात. ती मेलेली किंवा आजारी नसतात, उचलू नका.

संक्रांतीनंतरचा मांजा

राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली, तरी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत तो झाडांवर लटकतोच आणि महिनोन्‌महिने कुजत नाही. अडकलेला पक्षी ओढून काढायचा नाही. ओढलं की दोरा पंखाच्या सांध्यात हाडापर्यंत जातो. पक्ष्याच्या दोन्ही बाजूंनी वीतभर दोरा ठेवून कात्रीने कापा, पक्षी फडक्यात गुंडाळा, मांसात रुतलेला दोरा तसाच ठेवून दवाखान्यात न्या. तारेवर लटकलेल्या पक्ष्यासाठी काठी, बांबू, गज काहीही वापरू नका. ओला बांबूही वीज वाहतो. महावितरणला सांगून प्रवाह बंद करून घ्या, उंच झाडासाठी अग्निशमन दल, 101.

जमिनीवर बसलेली पाकोळी

लांब कोयत्यासारखे पंख, इवलेसे पाय, चालता येत नाही. जखमी नसते, बहुतेकदा फक्त सपाट जमिनीवरून उठता येत नाही. हवेत फेकू नका. मोकळ्या मैदानात, तळहात उघडा ठेवून डोक्याच्या वर धरा. तिची ती निघते. दहा मिनिटांत निघाली नाही तर खोक्याचा उपाय.

'माळढोक सापडला'

माळढोक अभयारण्याचं नान्नज जवळ असल्याने हा फोन सोलापुरातच येतो. माळढोकाचा नर मीटरभर उंच, पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी. पिल्लू म्हणून जे आणलं जातं ते बहुतेक करवानक असतो: पारव्याहून थोडा मोठा, मोठे पिवळे डोळे, गुडघे जाड, दिवसा झुडपाखाली गप्प बसणारा. नाहीतर लांडोरीचं पिल्लू. पक्षी कोणताही असो, जागेवरून हलवू नका. फोटो काढा, जागेचं लोकेशन घ्या आणि वन विभागाला कळवा. खरंच माळढोक असेल तर घरट्यात एकच अंडं असतं, गर्दी जमवणं म्हणजे ते घालवणं.

रात्री नान्नज, मार्डी बाजूच्या रस्त्यांवर रातवे डांबराच्या उबेला बसतात. हेडलाइटमध्ये लाल डोळे चमकतात आणि अगदी शेवटच्या क्षणी उडतात. वेग चाळीसच्या आत आणि दिवे डिपर. हॉर्नने ते उठत नाहीत.

पकडायचाच असेल तर

सोलापुरी टर्किश टॉवेल कितीही चांगला असला तरी इथे नको. त्याच्या उभ्या फासांत नखं अडकतात आणि सोडवताना बोट मोडतं. जुनं धोतर, पंचा, सुती ओढणी घ्या. मागून टाका, डोळे झाकले जातील असं. छाती दाबू नका, पक्ष्याला श्वासासाठी छाती हलावी लागते, घट्ट धरलेला पक्षी हातातच गुदमरतो. घार, शिक्रा, घुबड यांच्यात धोका पायांचा, तर वंचक आणि बगळ्यात चोचीचा. ते थेट डोळ्यावर नेम धरतात, म्हणून चेहरा लांब आणि चोचीमागे मान हलकेच धरलेली.

एकाच जागी दोन-तीन कावळे किंवा कोंबड्या मेलेल्या दिसल्या तर हात लावू नका, कुत्र्यांना जाऊ देऊ नका, पशुसंवर्धन विभागाला कळवा. जानेवारी 2025 मध्ये उदगीरला मेलेल्या कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला होता. एकट्या पक्ष्याला हात लावल्यावरही साबणाने धुणं आलंच.

वन विभागाचा टोल फ्री क्रमांक 1926. फोन करताना नुसतं 'एक पक्षी पडलाय' म्हणू नका. जागा, जवळची खूण, पक्ष्याचा आकार कावळ्याच्या तुलनेत केवढा, उभा आहे की आडवा, रक्त आहे का, किती वेळापासून आहे, आणि खोक्यात ठेवलाय की अजून जागेवरच, हे सांगा. माणूस निघताना कात्री घ्यायची की पिंजरा, शिडी घ्यायची की नाही, हे त्यावरूनच ठरतं.